पुरें एक मिनिट

अमरावतीचें 'डफरीन', अकोल्याचें 'लेडी हार्डिंग' आणि पुन्हा अमरावतीचेंच 'इर्विन', हीं नांवें वऱ्हाडी माणसाच्या तोंडीं इतकीं बसलीं आहेत कीं, दारावरच्या सरकारी पाट्या केव्हांच बदलल्या तरी ऑटोवाल्याला जुनेंच नांव सांगावें लागतें. दोघी व्हाइसरॉयांच्या पत्नी आणि तिसरे खुद्द व्हाइसरॉय! लेडी डफरीन यांनीं १८८५ सालीं हिंदी स्त्रियांस वैद्यकीय मदत पोंचविण्यासाठीं फंड उभारला. तेव्हां त्यांचें नांव राहिलें यांत कांहीं गैर नाहीं. पण त्या दालनांतून ज्यांनीं रात्रीच्या रात्री जागून काढल्या, त्या परिचारिकांपैकीं एकीचेंहि नांव कोणाच्या स्मरणांत नाहीं. आमचा जन्म डफरीनमधला. त्या वेळच्या नर्सबाईचें नांव आईला ठाऊक असेल अशी आमची समजूत होती. विचारलें तेव्हां ती म्हणाली, "सिस्टर होती."

याच आईला दोन वर्षांपूर्वीं, ऐन वैशाखांत, मांडीचें हाड मोडल्यामुळें अकोल्याच्या एका रुग्णालयांत ठेवावें लागलें. रुग्णालयाचें नांव सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. अकोल्याचा वैशाख ज्यांनीं भोगला आहे त्यांस मध्यरात्रीहि तापलेल्या त्या भिंतींचें वर्णन नको. शस्त्रक्रिया होऊन दुसरी रात्र होती. दिवसभर कण्हणारी आई इंजेक्शनानंतर शांत झोंपली, आणि तिच्या त्या शांततेनें निश्चिंत होऊन आम्हांसहि डुलकी लागली.

तीनच्या सुमारास वॉर्डाच्या मुख्य सिस्टर फेरीवर आल्या. त्यांनीं आईच्या तोंडाकडे पाहिलें, नखें पाहिलीं आणि खाटेशीं अडकविलेला तक्ता वाचला. मग तेथल्या विद्यार्थिनीला विचारलें, "श्वास किती?"

"सोळा."

"मोजले, का लिहिले?"

मुलगी गप्प राहिली. बाई रागावल्या नाहींत. त्यांनीं तिचा हात आईच्या छातीवर ठेवला, आपलें घड्याळ तिच्यापुढें धरलें आणि म्हणाल्या, "पुरं एक मिनिट मोज."

तें मिनिट आम्ही जन्मांत विसरणार नाहीं. श्वास भरले सात.

वेदना शमविणारें तें औषध मेंदूंतील श्वासाच्या केंद्रासहि मंद करूं शकतें. म्हणून अशा रोग्याची गाढ झोंप हीच संशय घेण्याजोगी गोष्ट असते, हें आम्हांला मागाहून कळलें. आम्ही मात्र तिच्याच जोरावर घोरत होतों! बाईंनीं प्राणवायु चालू केला आणि खालच्या तरुण डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून सकाळीं पाहूं असें कांहींसें उत्तर आलें असावें, कारण बाई म्हणाल्या, "नाही साहेब, आत्ताच या. मी उतारा काढून ठेवते." आवाज चढला नव्हता, पण त्यांत विनंतीहि नव्हती. डॉक्टर येईपर्यंत त्या आईचा गाल थोपटीत तिच्याशीं सारख्या बोलत होत्या : "आजी, डोये उघडा. माहा हात दाबा बरं." डॉक्टर आले, उतारा टोचला, आणि थोड्या वेळानें आईनें पाणी मागितलें.

पहाटे व्हरांड्यांत बाई त्या मुलीला घेऊन चहा पीत बसल्या होत्या. मुलगी रडत होती. तिच्या चुकीवर त्यांनीं पांघरूण घातलें नव्हतें. तक्त्यावरचा खोटा आंकडा तिच्याच हातून एका रेघेनें खोडवून, शेजारीं खरा लिहवून सही करविली होती. जवळून जातां जातां आमच्या कानीं पडलें तें एवढेंच : "मीबी एकदा न मोजता लिहिलं होतं. तवा पाहाले कोणी आलं नाही."

'सेवा' हा शब्द आम्हां पांढरपेशांस फार आवडतो. त्यांत शिकण्यासारखें कांहीं असेल असें मात्र वाटत नाहीं. नाइटिंगेलबाईंचा दिवा आम्हीं शाळेंत पाठ केला, पण क्रिमियाच्या युद्धांतील मृत्यूंचे तक्ते त्यांनीं आंखले आणि १८६० सालीं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत परिचारिकांची शाळा सुरू करविली, हें कोणीं फारसें सांगितलें नाहीं. दिवा धरावयास कोणीहि चालतें! पुण्यास १९०९ सालीं स्थापन झालेल्या सेवासदनांतून रमाबाई रानडे यांनीं ससून रुग्णालयांत नर्सिंग शिकण्यास स्त्रिया पाठविल्या, त्यांत विधवाहि होत्या. त्या काळीं घरंदाज लोकांनीं नाकें मुरडलीं. तीं नाकें अजून सरळ झालीं नाहींत, हें आम्ही स्वानुभवानें सांगतों. कारण त्यांपैकीं एक आमचें आहे.

बारावीनंतर आमच्या मुलीनें नर्सिंगचा अर्ज आणला, तेव्हां ज्या बाईंनीं आमची आई परत दिली त्यांची आठवण आम्हांला झाली नाहीं. आठवण झाली ती रात्रपाळीची, परक्या पुरुषांच्या मलमूत्राची आणि पुढें येणाऱ्या स्थळांची. शेंडगांवचे गाडगेबाबा १९५६ सालीं निवर्तले. अमरावतींतील त्यांच्या समाधीपुढें आम्ही वर्षानुवर्षें हात जोडतों आणि त्यांच्या खराट्याचा महिमा पोरांना सांगतों. दाजीसाहेब पटवर्धनांनीं तपोवन उभारून महारोग्यांस जवळ केलें, त्याचा आम्हां अमरावतीकरांस कोण अभिमान! पण बाबांच्या हातीं खराटा पाहून नमस्कार करणारे आम्ही, आपल्या मुलीच्या हातीं बेडपॅन येणार म्हणतांच घरांत दोन दिवस जेवलों नाहीं. बुद्धि आहे तर डॉक्टर हो, असा उपदेशहि केला.

"डॉक्टर आले होते ना बाबा," ती म्हणाली, "पण त्यांना बोलावलं कोणी?"

आईनें आपल्या खोलींतून हांक मारून अर्ज मागविला. आपल्याला चष्मा सांपडत नाहीं असें म्हणून तिनें तो आम्हांलाच वाचावयास लावला. चार वर्षांचा अभ्यासक्रम : शरीररचना, औषधशास्त्र, मानसशास्त्र, वॉर्डाचें व्यवस्थापन. वाचतां वाचतां आमचा आवाज बराच उतरला असावा. सही केली.

मनापासून केली असें म्हणवत नाहीं. गेल्या महिन्यांत परतवाड्यास एका लग्नांत सोयऱ्यांपैकीं एकानें मुलगी काय करते म्हणून विचारलें. आम्ही म्हणालों, "वैद्यकीय शिक्षण घेते." मुलगी मागें उभी होती, हें आमच्या ध्यानांत नव्हतें.

"नर्सिंग, काका," ती म्हणाली, आणि आजीला हात देऊन पंगतीकडे घेऊन गेली.