लेकीचा ओनामा



विदर्भात ऊन लवकर उतरत नाही, म्हणून आपल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. यंदा ते जास्तीचे दिवस लेकीपेक्षा मलाच हवे होते. सेलूत आमच्या घराला लागूनच अंगणवाडी आहे. तिथे ती असली तरी तिचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू यायचा. आता ती पहिलीत गेली. शाळा दोनच गल्ल्या पलीकडे, पण आवाज येत नाही.

सगळ्यात आधी प्रश्न डब्याचा. आपल्याकडे कंदमूळ नाही, आणि बटाट्याची भाजी कोणाच्या तरी डब्यात असणारच. मी कच्च्या केळीची भाजी-पोळी दिली, गाळलेलं पाणी भरलं. पण मैत्रिणीनं प्रेमानं घास पुढे केला तर? सहा वर्षांच्या जिवावर नियमांची यादी लादायची नव्हती. एवढंच सांगितलं, ‘आम्ही हे नाही खात, असं हसून म्हणायचं. कुणाच्या डब्याला शी म्हणायचं नाही.’ बटाटा टाळणं ही अहिंसा, तशी समोरच्याचं मन न दुखवणं हीही अहिंसाच. मुनींची भाषा समिती आपल्या लेकरांना डब्यापासूनच शिकवता येते.

फाटकातून ती आत गेली, मागे वळून पाहिलंही नाही. रडली असती तर मी समजूत काढली असती. न रडणाऱ्या लेकीचं काय करायचं? घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, ‘पोरगी शाळेत गेली वं, सासरी नाई गेली!’ हसू आलं आणि डोळेही भरले.

तत्त्वार्थसूत्रात मूर्च्छेला, म्हणजे आसक्तीलाच परिग्रह म्हटलं आहे. दशलक्षण पर्वात आकिंचन्य धर्माचं प्रवचन ऐकताना मला नेहमी कपाटातल्या साड्या आठवतात. त्या दुपारी वाटलं, साड्या सोडणं सोपं. ‘माझी’ हा शब्द सैल करणं अवघड.

मग आदिपुराणातली कथा आठवली. भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी शिकवली, सुंदरीला अंक. भरत-बाहुबलींच्याही आधी पहिल्या विद्यार्थिनी लेकीच! पुढे दोघींनी दीक्षा घेतली. ज्या पित्यानं मांडीजवळ बसवून अक्षरं दिली, त्यानं त्यांना आपापल्या वाटेनं जाऊही दिलं. शिकवणं म्हणजे धरून ठेवणं नव्हेच.

आपण सुरुवातीला ‘ओनामा’ म्हणतो ना, तो ‘ॐ नमः सिद्धम्’ याचाच बोलीतला अवतार. जुन्या शाळांत धुळपाटीवर मुलं आधी तेच गिरवत. आता रोज सकाळी णमोकार झाला की लेक पाटीवर ते लिहिते. ‘द्ध’ अजून वाकडा येतो.

ज्यांची लेकरं यंदा पहिल्यांदा शाळेत निघाली, त्यांनी डबा थोडा जास्त भरा, वाटून खायला पुरेल एवढा. आणि दुपारी फाटकाशी उभ्या राहाल, तेव्हा ‘काय शिकवलं?’ याआधी ‘कुणाशी बोललीस?’ हे विचारा.