पिवळा दिवा

मुंबईत गाडी घेताना लोक आधी ॲव्हरेज विचारतात. आम्ही ‘ऑटो होल्ड’ आहे का ते विचारलं. बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आणि बोरिवली ते अंधेरी हा संध्याकाळचा हायवे म्हणजे निम्मा वेळ पाय ब्रेकवर. ऑटो होल्ड असला की गाडी पूर्ण थांबल्यावर पाय उचलता येतो. एबीएस-ईएससी युनिटमधले व्हॉल्व्ह ब्रेक ऑइलचा दाब चाकांपाशी धरून ठेवतात. ॲक्सिलरेटर दिला की तो सुटतो.

आमच्या गाडीत पांढरा दिवा म्हणजे तयार, हिरवा म्हणजे ब्रेक धरलाय. गेल्या पावसाळ्यात पिवळा लागायला लागला, तोही अधूनमधून. सर्व्हिस सेंटरने सरळ युनिट बदलायला सांगितलं. आकडा ऐकून बाबा म्हणाले, “राहू दे रे. मी आता गाडी चालवणं सोडतो.” पैशांपेक्षा मला ते वाक्य महाग वाटलं.

मग रविवारी बसलो. ड्रायव्हरचा बेल्ट सुटा किंवा दार उघडं असेल तर होल्ड चालू होत नाही, पण तेवढ्याने पिवळा दिवा लागत नाही. बॅटरीचं व्होल्टेज ठीक होतं, ब्रेक ऑइलची पातळीही. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला रीडर लावला. कोड आला: पी०५०४.

ब्रेक पेडलवरच्या स्विचमध्ये दोन कॉन्टॅक्ट असतात. पेडल दाबलं की दोघांनी एकदम पलटायचं. ते दोघं वेगवेगळं सांगायला लागले की हा कोड येतो. पाय ब्रेकवर आहे की नाही, हेच गाडीला नक्की कळत नाही. मग ती होल्डची जबाबदारी घेत नाही.

पण याच स्विचवर मागचे ब्रेकलाइटही चालतात. अंधार पडल्यावर बाबांना पेडल दाबायला लावलं आणि मी पार्किंगच्या भिंतीकडे बघत उभा राहिलो. भिंत दहातल्या सात वेळा लाल झाली. तीन वेळा काळीच.

आम्ही तो दिवा आमच्या सोयीचा समजत होतो. खरं तर जोगेश्वरीच्या सिग्नलला आमच्या मागे येणाऱ्या बाइकवाल्याचा जीव त्या तीन वेळांत होता.

गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने स्विच बदलला, युनिटच्या किमतीच्या मानाने किरकोळ पैशांत. कोड पुसला, तो परत आला नाही.

मी ऑफिसात जे सॉफ्टवेअर लिहितो, त्यात दोन ठिकाणची माहिती जुळली नाही तर आम्ही बहुतेक वेळा एक खरी धरून पुढे जातो, कारण ग्राहकाला अडवायचं नसतं. गाडीने तसं केलं नाही. खात्री नव्हती म्हणून तिने नाही म्हटलं. फक्त कारण सांगायला तिच्याकडे शब्द नव्हते, एक दिवा होता.

बाबा पुन्हा अंधेरीला जातात. निघताना वॉचमनकाकांना हाक मारतात, “मागचे दोन्ही लागतायत का बघा जरा.”