शाफ्ट उतरवल्यावर

सदर, नागपूर
११ जून

चि. मृणाल,


तू पाठवलेला पोरगा काल संध्याकाळी पोचला. गणेशपेठच्या स्टँडवरून शाफ्ट खांद्यावर घेऊन सदरपर्यंत पायी आला. त्याला आधी जेवू घातलं, मग शाफ्ट पाहिला. नुसता सांध्यातला क्रॉस गेला असता तर तासाभरात नवा घालून दिला असता, पण योकचा एक कानच तडकलाय. लेथवर नवा योक बसवून, बॅलन्स करून घ्यायला आठवडा जाईल. तोवर पुढच्या चाकांवर गाडी चालवू का, असं तू चिठ्ठीत विचारलंस. चालव, बेटा. कशी ते मात्र सविस्तर लिहितो. हरिसालला फोन मधेच तुटतो आणि ही गोष्ट अर्धी ऐकून भागायची नाही.

आपल्या सीजे-थ्री-बीत ट्रान्सफर केसमधून एक शाफ्ट पुढे जातो, एक मागे. दोघांच्या मधे डिफरन्शियल नाही. म्हणून मागचा उतरवला तरी फोर व्हीलचा दांडा टाकला की पुढच्या चाकांना पुरी ताकद मिळते. पुढच्या चाकांचे दोन्ही हब लॉक केलेले हवेत, नाहीतर इंजिन नुसतंच फिरेल. कायम चारही चाकांवर चालणाऱ्या काही गाड्यांत मधे डिफरन्शियल असतं. ते लॉक केलं नाही तर ताकद रिकाम्या बाजूनेच निघून जाते आणि गाडी जागची हलत नाही.

डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावू नको, असं दादा तुला नेहमी सांगायचा. वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, तो ताण गिअरवर येतो, म्हणून. आता मागचं जोडलेलंच नाही, तेव्हा ताणही नाही. डांबरावर बिनधास्त चालव.

लो गिअर मात्र टाकू नको. लोमध्ये जोर सुमारे अडीच पट होतो आणि या जीपचा पुढचा अॅक्सल मागच्यापेक्षा हलका आहे. दोघांत वाटायचं ओझं एकट्याने घेतो आहे तो. स्टिअरिंग पूर्ण वळवून अॅक्सिलरेटर दाबू नको, चाकाजवळचा जॉइंट तिथेच तुटतो. चढावर गाडीचं वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होऊन फिरायला लागतात. उतारावर इंजिनचा रोधही फक्त पुढच्या चाकांवर येतो. ओल्या रस्त्यावर ती घसरली की स्टिअरिंग हातचं जातं. म्हणून पाऊस लागला तर घटांगचा घाट नाही. बाळंतीण धारणीला न्यायची असेल तर १०८ ला फोन कर, तुझ्या जीपमध्ये नको. मला माहीत आहे, त्यांची गाडी यायला वेळ लागतो. तरी नको.

आता मुख्य गोष्ट. १९८६ साली मी आणि दादा याच जीपने चिखलदऱ्याहून उतरत होतो. मागचा क्रॉस तुटला. दादाने रस्त्यातच शाफ्ट खोलला, मागे टाकला आणि आम्ही पुढच्या चाकांवर निघालो. परतवाड्याच्या अलीकडे चहाला थांबलो. चढाची जागा होती. मी सवयीने फोर व्हीलचा दांडा काढला, पहिला गिअर टाकला, हँडब्रेक शेवटच्या दातापर्यंत ओढला आणि उतरलो. जीप आवाज न करता मागे सरकू लागली. मागे एक म्हातारी सीताफळांची टोपली घेऊन बसली होती, तिची पाठ आमच्याकडे. दादाने धावत जाऊन चालत्या गाडीत पाय घातला आणि ब्रेक दाबला. बंपर आणि टोपली यांच्यात वीतभर अंतर राहिलं होतं. म्हातारीला काही कळलंच नाही.

या जीपचा हँडब्रेक चाकांत नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावरच्या ड्रमला असतो. त्या ड्रमपासून चाकापर्यंतचा दुवा म्हणजे शाफ्ट, आणि तो आमच्या पायाशी पडलेला होता. ब्रेक घट्ट बसला होता, गिअरही पडला होता, पण चाकांना त्याची काही खबरच नव्हती. दांडा टाकलेला असता तर पुढच्या चाकांतून गाडी धरली गेली असती. तीही पूर्ण नाही, कारण एक चाक मोकळ्या खडीवर असेल तर तेवढ्याने सुटते. फुटब्रेक चारही चाकांना असतो, म्हणून आम्ही वाचलो.

तेव्हा थांबताना दांडा टाकलेला, गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि तरीही चाकांना अडसर. सपाट दिसणाऱ्या अंगणातसुद्धा. तुझ्या दवाखान्यासमोर पोरं खेळत असतात.

महिनाभर क्लच सोडला की खालून खट् आवाज यायचा, असं पोरगा सांगत होता. तो क्रॉसच बोलत होता. नवा शाफ्ट आला की ग्रीस मारायला विसरू नको, आणि बसवताना दोन्ही टोकांचे योक एका रेषेत ठेव. मी पंचने खुणा करून पाठवीन.

पोरगा पहाटेच्या एस.टी.ने निघेल. त्याच्याजवळ बाभळीचे दोन ठोकळे दिले आहेत. त्या दिवशी परत आल्यावर दादाने अंगणात बसून रात्री उशिरापर्यंत ते तासले होते. एक कोपरा झिजलाय, पण चाकाखाली बरोबर बसतात.

तुझा,
काका