लॅमिंग्टन रोडची वारी

आमच्या डोंबिवलीच्या घरातला संगणक 2015 साली घेतलेला. गेल्या वर्षी त्याने असा काही संथपणा धरला, की तो चालू करून मी अंघोळ उरकून यायचो, तरी पडद्यावरचे ते चक्र आपले फिरतेच! सौ.चे म्हणणे, नवा घ्या. चिरंजीवांचे म्हणणे, बाबा, याला आता भंगारात द्या. पण माझ्या आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या मी चार सुट्ट्या खपून ध्वनिमुद्रित केल्या होत्या, त्या त्यात होत्या. आणि फक्त त्यातच होत्या. आई आता नाही.

घरगुती उपचार झाले. नको ते प्रोग्रॅम काढले, झाकण उघडून पंख्यावरची धूळ ब्रशने झटकली, दोन रात्री जागून आतल्या फाइली आवरल्या. गुण शून्य. मग आतून 'टक् टक्' असा आवाज येऊ लागला, तेव्हा मात्र डबा चादरीत गुंडाळून घराबाहेर पडलो.

दादरला गाडी बदलून धिम्या लोकलने ग्रँट रोड. मांडीवरच्या रोग्याला साजेशीच गाडी! स्टेशनाच्या पूर्वेला थोडे चालले, की लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री हा डॉ. भडकमकर मार्ग, पण मुंबईच्या या जुन्या गव्हर्नरसाहेबाचे नाव लोकांच्या तोंडून काही सुटत नाही. फूटपाथवर केबलींची वेटोळी, कीबोर्डांच्या चळती, आणि चार पावलांवर एक हाक : "काय पाहिजे, साहेब? लॅपटॉप, प्रिंटर, सीसीटीव्ही?" या गर्दीत आपला डबा पोटाशी धरून चालणारा माणूस सरकारी दवाखान्यातल्या बापासारखा दिसतो.

एका माळ्यावर पंचविशीतला कारागीर भेटला. त्याने डबा किती संथ चालतो हे विचारलेच नाही.

"आवाज कधीपासून येतो, सर?"

"महिना झाला असेल."

"आणि तुम्ही चालूच ठेवलात? आधी आतलं काढून घेऊ. दुरुस्ती मग."

हार्ड डिस्क काढून आपल्या यंत्राला जोडता जोडता त्याने समजावले. आतली तबकडी मिनिटाला 7200 फेरे घेते. तिची एखादी जागा खराब झाली, की यंत्र तीच जागा पुनःपुन्हा वाचू पाहते, आणि बाकी सारा कारभार तिच्यासाठी ताटकळत बसतो. म्हणजे संगणक म्हातारा झाला नव्हता. त्याची एक तबकडी आजारी होती. आणि माझ्या त्या दोन रात्रींच्या आवराआवरीने तिला उलट आणखी दमवले होते. तिथे मी नुसती मान हलवली.

तीन तास लागले. 41 ओव्यांपैकी 38 हाती आल्या. नीट उतरल्या का, हे पाहायला त्याने एक लावली. त्या कोंदट माळ्यावर आईचा आवाज घुमला. चहा घेऊन आलेला पोऱ्या दारातच थबकला. कारागिराने ओवी मध्येच तोडली नाही, संपल्यावर म्हणाला, "तुमच्या आई का?"

गेलेल्या तिघींत एक अशी होती, की मधेच आई शब्द विसरते आणि स्वतःशीच हसते.

मग त्याने एस.एस.डी. बसवली (तिच्यात फिरणारे काही नसते), रॅम 4 जीबीची 8 केली. ओव्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर दिली. दुसरी मी साताऱ्याला ताईकडे धाडली. घरी येऊन बटण दाबले आणि सवयीने टॉवेल घेऊन निघालो, तर सौ. म्हणाली, "अहो, चालू झालासुद्धा!"