सुतावरून स्वर्ग

मराठी माणसाला मोजमापाची मोठी हौस. पण ते माप डोळ्यांना दिसायला हवे, चिमटीत धरता यायला हवे. गुंजभर सोने, तिळभर जागा, चिमूटभर मीठ! आमच्या पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून आणखी एक माप सतत कानांवर पडते. ते म्हणजे सूत, इंचाचा आठवा भाग. माझे वडील टूलरूममध्ये फिटर होते. एखादे दार नीट बसेना, की ते नुसती नजर टाकून म्हणत, "दीड सूत जास्त आहे." आणि मोजले तर दीड सूतच निघे! मी निघालो मराठीचा प्राध्यापक. सुताशी माझा संबंध काय तो त्यावरून स्वर्ग गाठण्याच्या वाक्प्रचारापुरता.

तो स्वर्ग खरोखरीच कसा गाठतात, हे मला शेजारच्या एका तरुणाने सांगितले. हा चाकणला साचे बनवतो. एका सुतात तीन हजारांहून अधिक मायक्रॉन मावतात, आणि त्यातल्या एखाद्या मायक्रॉनचीही नक्षी आता लेसरने 'छापता' येते म्हणे!

"ते कसे रे बाबा?" मी विचारले.

"काका, टाळी एका हाताने वाजत नाही, तसे."

एक पातळ रेझिन घ्यायचे. त्यात लेसरचा किरण सोडायचा. पण असा, की त्याच्या एकट्या प्रकाशकणाला रेझिन घट्ट करण्याची ताकद नसावी. दोन कण एकाच क्षणी एकाच रेणूवर येऊन पोचले, तरच काम होते. अशी गर्दी किरण जिथे एकवटतो त्या बिंदूपाशीच होते. तेवढाच ठिपका घट्ट होतो. बिंदू हलवत जायचे, की द्रवाच्या पोटात वस्तू उभी राहते. उरलेले रेझिन धुऊन टाकायचे, झाले!

दोन प्रकाशकणांची ही टाळी मारिया गोपर्ट-मायर या विदुषीने १९३१ साली आपल्या प्रबंधात केवळ गणिताने दाखवली होती. प्रयोगाने ती सिद्ध व्हायला १९६१ साल उजाडले, कारण त्यासाठी लेसर जन्मावा लागला. पुढे २००१ साली जपानमधील ओसाकाच्या शास्त्रज्ञांनी या रीतीने एक बैल घडवला. लांबी दहा मायक्रॉन, म्हणजे जवळजवळ रक्तातल्या तांबड्या पेशीएवढी! आपल्या पोळ्याच्या मातीच्या बैलाला हा धाकटा भाऊ मिळाला, याची मला मोठी मौज वाटली.

पण बैल हे कौतुक झाले. माझे मन गुंतले ते सुयांत. २००७ साली जर्मन आणि अमेरिकन संशोधकांनी याच तंत्राने औषध त्वचेतून देण्यासाठी सूक्ष्म सुया केल्या. त्वचेचा वरचा थर ओलांडायचा, पण वेदनेच्या नसांपर्यंत जायचे नाही, एवढीच त्यांची लांबी. आमच्या घरी आईला रोज इन्शुलिन टोचावे लागते. तिने कधी तक्रार केली नाही. पण सुई टोचताना ती नजर खिडकीबाहेर वळवते, हे मी पाहतो.

दिवाळीत तो तरुण फराळाला आला, तेव्हा हा विषय निघाला. आईने सगळे ऐकून घेतले आणि नेमके विचारले, "एकेक ठिपका जोडत केलेली सुई गरिबाला परवडेल का रे?"

मी गप्प झालो. १९५४ साली याच पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, ती पेनिसिलिन आपल्याच देशात तयार व्हावे म्हणून. औषध शोधले जाणे निराळे आणि ते माणसाच्या हाती पोचणे निराळे, हे या गावाला ठाऊक आहे.

तरुणाने चकली खाली ठेवली. "आजी, लेसरने एकच नमुना करायचा. त्यावरून साचा काढायचा, आणि साच्यातून हव्या तितक्या सुया. प्रयोगशाळांतून असे करून पाहिले आहे. आणि साचे करणे हे तर आमचेच काम!"

वडील असते, तर त्याच्या पाठीवर थाप पडली असती. आई मात्र लाडवांचे ताट त्याच्यापुढे सरकवत एवढेच म्हणाली, "मग लवकर करा म्हणावं. माझ्याकडे टोचायला जागा थोडीच उरली आहे."