वाद्य स्वस्त करताना काय कापता येते?

एखादे वाद्य घराघरांत पोचते आणि दुसरे मोजक्या वादकांच्या हातीच राहते, याचे कारण आपण बहुधा संगीतात शोधतो: हे गोड, ते अवघड, हे काळाला धरून, ते जुने. वाद्यांच्या घडणीचा अभ्यास करणाऱ्याला मात्र हे उत्तर अपुरे वाटते. माझ्या मते प्रश्न आधी कारागिराला विचारायला हवा. हे वाद्य निम्म्या किमतीत द्यायचे झाले, तर त्यातले काय काढून टाकता येईल आणि उरेल ते वाद्य राहील का? साधी गिटार आणि पेडल स्टील गिटार शेजारी ठेवल्या की हा मुद्दा स्पष्ट दिसतो. दोन्ही एकाच घराण्यातल्या, दोन्हींचे नाव गिटार. पण एक फलटणसारख्या गावातल्या क्लासातही सहज दिसते, तर दुसरी आपल्याकडच्या बहुतेक संगीतप्रेमींनी डोळ्यांनी पाहिलेलीसुद्धा नसते.

साध्या गिटारीत जवळजवळ सगळेच कापता येते. एकसंध लाकडाऐवजी प्लायवूड चालते, चकाकी कमी चालते, खुंट्या साध्या चालतात. लिओ फेंडरने १९५० च्या सुमारास भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक गिटारी बाजारात आणल्या, त्यांची मान अंगाला स्क्रूंनी जोडलेली होती. म्हणजे मान एकीकडे, अंग दुसरीकडे तयार करून शेवटी जुळवता येऊ लागले. पडदे योग्य अंतरावर बसले की स्वर ठिकाणावर पडतो, आणि ते अंतर यंत्र चोख राखते. म्हणूनच कोलकात्याच्या गिव्हसनसारख्या स्वस्त गिटारीवरही मुलगा पहिले चार कॉर्ड शिकू शकतो. नाद पातळ असेल, पण वाद्य आपले काम करते.

पेडल स्टीलचे तसे नाही. हे वाद्य पायांवर उभे असते, त्याला सहसा दहा तारा असतात. डाव्या हातात पोलादी कांडी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, पायाखाली तीन किंवा अधिक पेडल आणि गुडघ्यांजवळ लिव्हर. पेडलपासून निघालेल्या सळ्या अंगाखालून जाऊन ठरावीक तारा ओढतात. नेहमीच्या ई-नाइन जुळणीत पहिले पेडल दाबले की बी स्वराच्या दोन्ही तारा सी शार्पवर चढतात आणि सोडले की नेमक्या बी वर परत याव्या लागतात. संथ गाण्यात कानाला केसभर फरकही खुपतो. त्यात आणखी एक अडचण: पेडलच्या ओढीने सगळा सांगाडाच किंचित वाकतो आणि ज्या तारांना कोणी हात लावला नाही, त्यांचाही स्वर थोडा उतरतो. सांगाडा ताठ हवा, सांधे घट्ट हवेत, धातूचे भाग बिनचूक हवेत. यातले काही कापले की वाद्य बेसूर होते. शो-बड कंपनीने मॅव्हरिक नावाचे विद्यार्थ्यांसाठीचे मॉडेल काढले, त्यात गुडघ्याचा लिव्हर एकच ठेवला. विद्यार्थी थोडा पुढे गेला की ते तोकडे पडे. आजही हे वाद्य मुख्यतः छोट्या कार्यशाळांत, मागणीप्रमाणे बनते.

यावर कोणी म्हणेल, वाद्य वाजवायलाच कठीण, म्हणून लोक घेत नाहीत. पण व्हायोलिन काय सोपे आहे? पडदे नाहीत, गज सांभाळायचा, पहिली वर्षे कानाला त्रासच. तरी जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्खनच्या परिसरात घराघरांत काम वाटून एकोणिसाव्या शतकापासून स्वस्त व्हायोलिन निघाले आणि जगभर शाळाशाळांत पोचले. दुसरा आक्षेप असा की पेडल स्टील अमेरिकी कंट्री संगीताला बांधलेले आहे. त्याला उत्तर आपल्याच देशात आहे. मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची हवाईयन गिटार हवाई बेटांवरून आली आणि इथे रुजली. वॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी ती मुंबईत लोकप्रिय केली, कोलकात्यात तिच्यावर रवींद्रसंगीत वाजू लागले, ब्रिजभूषण काबरा यांनी १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत तिच्यावर राग वाजवले. परके संगीत आडवे आले नाही, कारण नवा कारखाना लागलाच नाही. साध्या गिटारीच्या तारा उंचावल्या, कांडी घेतली, झाले. पेडल स्टीलला अख्खे यंत्र लागते, आणि ते यंत्र इथवर आले नाही.

याच कसोटीवर मिरजेकडे पाहावे असे मला वाटते. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातून, फरीदसाहेबांपासून, एकोणिसाव्या शतकात इथली तंतुवाद्यांची परंपरा उभी राहिली. भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. पण त्याआधी कितीतरी वर्षे, १९७९ मध्ये, बंगळुरूच्या राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला, आणि आता मोबाइलवर तो फुकट मिळतो. नवशिक्याचा पहिला तंबोरा तिथेच गेला. मिरजेकडे उरला तो मैफलीचा तंबोरा, मागणीप्रमाणे, थोड्या संख्येने. म्हणजे पेडल स्टीलच्या कारागिरांचीच अवस्था.

मात्र मिरजेची अडचण तितकी कठीण नाही. तंबोऱ्यातले बरेच काही कापता येते. नक्षी काढता येते, पॉलिश साधे करता येते, भोपळ्याऐवजी चपटी लाकडी पेटी घेता येते. प्रवासासाठी असे तंबोरे बनतातही. फलटणवरून पालखीच्या वाटेने जाणाऱ्या दिंड्यांत वीणेकऱ्याच्या गळ्यातली वीणा पाहा: तिच्याकडून सुराच्या आधारापलीकडे फारशी अपेक्षा नसते, म्हणून ती साधी असली तरी चालते आणि दिंडीगणिक एक लागते. तंबोऱ्यात न कापता येणारी गोष्ट एकच, घोडीवरची जवारी. तार जिथे घोडीला घासते तो पृष्ठभाग अगदी सूक्ष्म उताराचा हवा. कारागीर कानस फिरवतो, तार छेडतो, पुन्हा घासतो, मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत खर्जातून गंधार उमटेपर्यंत थांबतो. तेवढे काम जाणत्या हातानेच करावे लागते.

काही कारागिरांना भीती वाटते की स्वस्त तंबोरा काढला तर मिरजेचे नाव खराब होईल. जवारी बिघडवून तो काढला, तर ती भीती खरी ठरेल. पण नक्षी नसलेला, चपट्या पेटीचा, चोख जवारीचा तंबोरा मिरजेच्या नावाने मिळू लागला, तर ॲपवर गाणाऱ्या मुलीला खऱ्या तारेचा नाद घरात ऐकायला मिळेल, आणि पुढे मैफलीचा तंबोरा घ्यायची वेळ येईल तेव्हा तिला जवारी म्हणजे काय ते आधीच ठाऊक असेल. मानांकनाच्या नियमांत भोपळ्याइतकेच जवारीलाही महत्त्व हवे, आणि तरुण कारागिरांच्या शिक्षणात तिच्यासाठी सर्वांत जास्त वेळ राखून ठेवायला हवा.