मत्स्यविनोद

आमच्या घरी मासे कोणी खात नाही. वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. सौभाग्यवतीला मासळीबाजारावरून नुसते जायचे म्हटले तरी पदर नाकाला लावावा लागतो. मुलांच्या लेखी मासा म्हणजे काचेच्या पेटीत ठेवून पाहण्याची वस्तू. मीही खात नाही. आणि असे असून गेली बारा वर्षे सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून मी नीरेवर मासे धरायला जातो!

सोमेश्वरनगरच्या लोकांना या गोष्टीचा उलगडा व्हायला बराच वेळ लागला. मी नदीवरून परतू लागलो की वाटेत कोणीतरी विचारी, "काय सर, घावलं का काही?" मी म्हणे, "घावला होता, सोडून दिला." यावर माणूस मोठ्या सहानुभूतीने मान हलवी. कॉलेजातल्या मास्तराला मासा सापडत नाही यात नवल ते काय, पण बिचाऱ्याने खोटे तरी किती सभ्यपणे बोलावे, असा तो भाव असे.

त्यातून माझी मासे धरण्याची तऱ्हाही जगावेगळी. आपल्याकडचा गळ टाकणारा माणूस गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून गळ पाण्यात सोडतो आणि बिडी ओढीत बसतो. माझ्या गळाला खाण्याजोगे काहीच नसते. मोरपिसाचे दोन धागे, कोंबड्याच्या मानेचे एक पीस आणि रेशमाचे चार वेढे यांची मी एक खोटी माशी बांधतो. ती इतकी हलकी की फेकली तर हातभरही जायची नाही. म्हणून वजन दोरीलाच द्यावे लागते. जाड, जड दोरी काठीने मागे-पुढे झुलवायची आणि चौथ्या-पाचव्या झोक्याला अशी सोडायची की शेवटी बांधलेली माशी पाण्यावर अलगद टेकावी. माझा एक आतेभाऊ इंग्लंडात असतो. त्याने सुट्टीत येताना ही काठी आणली आणि जाताना माझ्याकडे ठेवून गेला. ऊस तुटून गेलेल्या एका मोकळ्या रानात मी दोन महिने नुसती दोरी झुलवायला शिकत होतो. ऊसतोडीचा एक गाडीवान बराच वेळ उभा राहून पाहत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "सर, बैल कुठाय?"

या विद्येचा पोथीसारखा मानलेला इंग्रजी ग्रंथ आयझॅक वॉल्टनचा. तो १६५३ साली छापला गेला, म्हणजे तुकोबांच्या वैकुंठगमनानंतर अवघ्या तीन वर्षांनी. तेव्हा हे खूळ साहेबाचे, आपण त्याचे उष्टे खातो आहोत, अशी माझी समजूत होती. ती मोडली ती माझ्याच विषयाने. मराठीच्या वर्गात मी दरवर्षी शिकवतो की कल्याणीच्या चालुक्यांपैकी राजा सोमेश्वर तिसरा याने शके १०५१ मध्ये, म्हणजे ११२९ साली, 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला, आणि त्यातल्या गीतविनोदात मराठीचा एक फार जुना नमुना सापडतो. ते गीत दशावताराचे. अर्थात आरंभ मत्स्यावताराचा. इतके सांगून मी पुढच्या मुद्द्याकडे वळत असे. मुलेही टिपून घेत. मूळ ग्रंथ उघडून पाहावा असे ना मुलांना वाटले, ना त्यांच्या सरांना.

एकदा कशासाठी तरी तो उघडला आणि चकितच झालो. ज्या विनोदविंशतीत ते गीत आहे, त्याच विंशतीत 'मत्स्यविनोद' म्हणून एक सबंध प्रकरण आहे! समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. कोणाला काय चारावे, दोरा कशाचा वळावा, काठी कशी असावी, हे सारे राजाने बैठक मारून सांगितले आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५१ सालीच या प्रकरणावर लिहून ठेवले होते. मराठीचे आम्ही लोक गीताजवळ थांबलो आणि माशाचे लोक माशाजवळ. आमच्या गावाचे नाव त्या राजावरून आलेले नाही, ते करंज्याच्या सोमेश्वर महादेवावरून आले आहे. तरीही त्या रात्री मला उगाच वाटले की राजाने आठशे-नऊशे वर्षांनंतर माझ्या खुळावर शिक्कामोर्तब केले.

मी ते प्रकरण मोठ्या उत्साहाने अण्णांना, माझ्या वडिलांना, वाचून दाखवले. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "नाव काय म्हणालास?"

"मत्स्यविनोद."

"विनोद कुणाचा? राजाचा की माशाचा?"

तो प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला.

माझा पहिला मासा बोटभर लांबीची चालट होता. बंधाऱ्याखाली पाणी खळाळते तिथे माशी टेकली, चांदीच्या चिपेसारखे काहीतरी लकाकले आणि काठीच्या शेंड्यातून एक थरथर माझ्या मनगटापर्यंत आली. चार तोळ्यांचा तो जीव! पण ती थरथर मी अजून विसरलेलो नाही. इतके दिवस नदी मी काठावरून पाहत होतो. त्या क्षणी नदीच्या पोटातले कोणीतरी माझ्याशी बोलले.

दुसरी आठवण समुद्राकाठची. मालवणजवळ देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. गोड्या आणि खाऱ्या पाण्याची तिथे रोज दोनदा गाठ पडते. एका होडीवाल्याला बरोबर घेऊन मी खाडीत गेलो. भरती नुकती लागली होती. खारफुटीच्या मुळांशी माशी पडली आणि कोणीतरी ती अशी ओढली की काठी होडीच्या काठावर आपटली. दहा मिनिटांच्या झटापटीनंतर विटकरी लाल रंगाची, डोळे वटारलेली तांबोशी वर आली. होडीवाल्याच्या डोळ्यांत तिचे कालवण शिजतही होते. मी गळ सोडवला आणि तिला पाण्यात सोडले.

तो क्षणभर काही बोललाच नाही. मग म्हणाला, "ओ सर, खावचो नाय तर मासो धरलास कित्याक?"

मी त्याला म्हणालो, "गंमत म्हणून." हा शब्द तोंडातून निघाला तेव्हाच तो मला हलका वाटला.

तिसरी आठवण मी कोणाला फारशी सांगत नाही. वार्षिकांकात सांगतो आहे, कारण दिवाळीत मन झाडून घ्यावे म्हणतात.

सोपानकाकांची पालखी गावातून पुढे गेली होती. अण्णांची त्या वर्षीची वारी गुडघ्यांमुळे चुकली. घरात त्यांचा जीव रमेना, म्हणून "चल, मी काठावर बसतो" असे म्हणून ते माझ्याबरोबर नदीवर आले. बंधाऱ्यामागचे पाणी निवांत होते. लव्हाळ्याजवळ पाण्यावर ताटाएवढा एक तांबूस डाग दिसला. तो मधूनच विरे, पुन्हा उमटे. मला कळले, ही मरळीची पिल्ले. शेकडो पिल्ले एकत्र फिरतात, हवेसाठी एकदम वर येतात, आणि त्यांच्याखाली आईबाप पहारा देत असतात. गळ टाकणाऱ्यांना हे गुपित ठाऊक असते. त्या डागावर बेडकासारखे काहीतरी टाकावे. मरळ ते खायला येत नाही, हाकलायला येते. पण येते.

बुचाच्या तुकड्यावर पिसे बांधून केलेला बेडूक माझ्या पेटीत होता. मी तो टाकला. पाणी फुटल्यासारखे उसळले आणि काठी वाकली. त्या पाच मिनिटांत मी कोणाचा मुलगा नव्हतो, कोणाचा बाप नव्हतो आणि कसला मास्तरही नव्हतो. मरळ काठाशी आली. दोन किलोची तरी असावी. मी विजयाने अण्णांकडे पाहिले. ते मरळीकडे पाहत नव्हते. ते पाण्याकडे पाहत होते.

"ते लाल लाल काय होतं रे?"

"पिल्लं. हिची."

"आणि आता कुठं गेली?"

डाग फुटला होता. जिथे तो होता तिथे चिलापीचे लहानमोठे भोवरे उठत होते. चिलापी तिथे कशाला आल्या होत्या हे मला सांगावे लागले नाही. मी घाईघाईने गळ सोडवला. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा मी पक्कडीने चेपूनच टाकलेला असतो, त्यामुळे तो लगेच निघाला. मरळ क्षणभर काठाशी तशीच थांबली आणि मग एका झटक्यात दिसेनाशी झाली.

आम्ही दोघे अर्धा तास तिथे बसून होतो. लव्हाळ्याच्या आत एक तांबूस ठिपका पुन्हा दिसला. पण पहिल्यापेक्षा पुष्कळ लहान. त्याखाली मरळ होती की नव्हती, ते मला आजतागायत कळलेले नाही.

घरी येताना अण्णा एवढेच म्हणाले, "भोई जाळं टाकतो, त्याला पोट आहे. चिलापीलाही पोट आहे. तुला काय आहे?"

देवबागचा होडीवाला आणि पंढरीचा वारकरी! एकाच्या ताटात रोज मासा, दुसऱ्याने जन्मात तोंडाला लावला नाही. पण दोघांनी मला एकच प्रश्न विचारला.

माझ्याजवळ उत्तर अगदीच नाही असे नाही. काठी हातात आल्यापासून मला नदी दिसू लागली. कोणत्या महिन्यात पाणी कसा रंग पालटते, बंधाऱ्याची दारे काढली की मासे कुठे जातात, वाम कोणत्या दगडाखाली राहते, हे मी शिकलो. एका उन्हाळ्यात पाणी काळे पडले आणि मासे पांढरी पोटे वर करून तरंगू लागले, ते पहाटे मला दिसले. गावाला दुपारी वासाने कळले. ज्याला पाण्यात काही हवे असते त्यालाच पाणी दिसते, असे मी अण्णांना म्हणालो.

अण्णा म्हणाले, "मग गळावाचून बघून ये की एकदा."

म्हणून गेल्या हिवाळ्यात त्यांना घेऊन मी वाळण कोंडीला गेलो. भोरवरून नीरेच्या वरच्या अंगाने वरंधा घाट उतरून महाडकडे जायचे. तिथे काळ नदीच्या डोहात महाशीर मासे आहेत. ते वरदायिनी देवीचे म्हणून तिथे कोणी गळ टाकत नाही, जाळे लावत नाही. अण्णांनी पिशवीतून चुरमुरे काढून पाण्यावर टाकले आणि खालून एकेक सावली वर येऊ लागली. हाताएवढे, हातापेक्षा मोठे मासे. तळहाताएवढे त्यांचे खवले. मी अण्णांना सांगितले की दख्खनी महाशीराच्या शास्त्रीय नावात 'खुद्री' हा शब्द आहे. दोनशे वर्षांपूर्वी कर्नल साइक्स नावाच्या साहेबाने दख्खनचे मासे तपासले. त्याने इथल्या लोकांच्या तोंडची नावे उचलली आणि लॅटिनात बसवली. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात या माशाची पैदास करून पिल्ले देशभर पाठवली गेली.

अण्णा कौतुकाने ऐकत होते. "छान आहेत," ते म्हणाले. मग माझ्या उजव्या हाताकडे पाहून हसले. माझे मनगट माझ्या नकळत मागे-पुढे होत होते.

मी काठी मोडून टाकली आणि माळ घातली, असा शेवट या लेखाला शोभला असता. पण तसे घडलेले नाही. माझ्याने ते व्हायचे नाही. मात्र त्या आषाढापासून मी एक नेम केला आहे. आषाढी एकादशीला काठी माळ्यावर जाते आणि कार्तिकी एकादशीपर्यंत खाली येत नाही. पावसाळा हा बहुतेक माशांच्या विणीचा काळ. कोकणातही जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक होड्या सरकारी हुकुमाने किनाऱ्याला लागतात. देव चातुर्मासात झोपतात असे अण्णा म्हणतात. नदी त्या दिवसांत लेकुरवाळी असते, असे मी म्हणतो. आम्हा दोघांचे या बाबतीत तरी जमले आहे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा माझी काठी माळ्यावरच असेल. फराळाचे डबे उतरवताना सौभाग्यवतीला तिची अडगळ होईल आणि ती काहीतरी बोलेल. कार्तिकीचा उपास सोडून मी काठी खाली घेईन, तिच्यावरची धूळ पुसत बसेन. अण्णा झोपाळ्यावरून पाहत असतील. गेल्या वर्षी त्यांनी विचारले होते, "काय रे, उत्तर सापडलं का?"

मी म्हणालो होतो, "सापडलं होतं अण्णा, सोडून दिलं."